पिवळ्या खुर्चीची जागा

शैलामावशी,

आज सकाळी मी चालायला बाहेर पडले आणि अकरा मिनिटांत घरी परत आले. दमले म्हणून नाही. फुटपाथ संपला. आमच्या वसाहतीच्या कमानीपर्यंत तो छान रुंद आहे, दोन्ही बाजूंना एका मापाची झाडं आहेत. कमानीपुढे सहा पदरी रस्ता आणि कडेला नुसतं गवत. गवतातून दहा पावलं टाकली असतील-नसतील, तर एका बाईने गाडी थांबवली, काच खाली केली आणि विचारलं, सगळं ठीक आहे ना, कुठे सोडू का. भली बाई होती. मी म्हटलं, मी नुसती चालतेय. तिचा विश्वास काही बसला नाही. टेक्सासच्या या फ्रिस्कोत धडधाकट माणूस रस्त्याने पायी जाताना दिसला की लोकांना वाटतं, याची एक तर गाडी बंद पडलीय, नाही तर डोकं फिरलंय.

ही गंमत तुला सांगायला मी सवयीने फोन उचलला. निम्मा नंबर दाबून झाल्यावर आठवलं की आज तुझा बारावा. फोन ठेवला आणि लिहायला बसले. तुझे दिवस घालायला इथे ना भटजी आहे ना नदी. शिवाय तू म्हणायचीस, मी गेल्यावर कावळ्याला ताटकळत ठेवू नका, त्याला दुसरी कामं आहेत.

तू काही माझी सख्खी मावशी नव्हेस. तू मिरजेची, मी नागपूरची. तुझी आमटी मला कायम गोड लागली आणि माझ्या फोडणीने तुला कायम ठसका लागला. आपली ओळख झाली ती चोरीमुळे, आणि चोर आम्ही होतो.

दोन हजार एकच्या डिसेंबरात अविनाशच्या कंपनीने त्याला पिट्सबर्गच्या एका बँकेच्या कामावर पाठवलं. त्याच्याबरोबरचे मित्र कॅलिफोर्नियात, कोणी फ्रीमाँटला, कोणी क्युपर्टिनोला. ते फोनवर असं बोलायचे, जसं काही आम्हाला काळ्या पाण्यावर धाडलंय. पोलादाचे कारखाने बंद पडून बरीच वर्षं झाली होती, माणसं गाव सोडून गेली होती, टेकड्यांवरची कितीतरी घरं रिकामी पडली होती. म्हणूनच भाडी स्वस्त. अविनाशने आमच्या घराचं भाडं सांगितलं तेव्हा फ्रीमाँटचा मित्र म्हणाला, एक शून्य गिळलंस का रे. घर मिळालं ते साउथ साइडच्या उतारावर, तुझ्या घरासमोर. त्यात एक गादी होती आणि टेबल म्हणून टीव्हीचं खोकं होतं. खुर्ची एकही नव्हती. अविनाशच्या ऑफिसातल्या मुलांनी ज्ञान दिलं होतं की अमेरिकन लोक चांगल्या चांगल्या वस्तू रस्त्याच्या कडेला टाकून देतात, लाजायचं नाही, उचलायच्या.

पहिला मोठा बर्फ पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बसमधून उतरून घरी येत होतो. रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, एक खुर्ची उभी होती. लाकडी, चारही पाय शाबूत. अविनाशने इकडेतिकडे पाहिलं, मीही पाहिलं, आणि आम्ही ती उचलून घरात आणली. पुसली. मी पोहे केले आणि अमेरिकेत आल्यापासून नवरा पहिल्यांदा खुर्चीवर बसून जेवला.

तासाभरात तू दार वाजवलंस. डोक्याला मफलर, अंगात पुरुषी कोट, खाली साडी आणि गमबूट. दारावरचं 'वैद्य' हे नाव वाचून तू सरळ मराठीतच विचारलंस, "खुर्ची तुम्हीच उचललीत ना? नाही म्हणू नका, बर्फात पावलं उमटलीत, थेट तुमच्या दारापर्यंत." अविनाश पोह्यांची बशी हातात घेऊन उभा राहिला. टाकून दिलेली वाटली, असं काहीतरी पुटपुटला. तू कपाळावर हात मारलास आणि मग आम्हाला या गावचा कायदा समजावून सांगितलास. ज्याने घाम गाळून आपल्या घरासमोरचा बर्फ उपसला, गाडीपुरती जागा मोकळी केली, तो गाडी घेऊन बाहेर जाताना तिथे खुर्ची ठेवतो. ती असेपर्यंत जागा त्याची. कायद्याच्या पुस्तकात हे नाही, पण पोलीससुद्धा खुर्चीला हात लावत नाहीत.

"एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो की नाही?" तू म्हणालीस. "तसंच हे. रुमाल कुणी उचलतं का?"

खुर्ची तुझ्या शेजारच्या एडची होती. पोलादाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला, बायको गेलेली, बोलायला कंजूष. त्या दिवशी बाहेरून आला तर त्याच्या जागेत भलत्याचीच गाडी, आणि तो दोन गल्ल्या खाली गाडी लावून चढ चढून आलेला. तू आम्हा दोघांना खुर्चीसकट त्याच्यापुढे उभं केलंस. तो आमच्याकडे पाहत राहिला आणि खुर्ची घेऊन आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी घडीच्या दोन खुर्च्या होत्या, वर चिठ्ठी: या खरोखरच टाकलेल्या आहेत.

मावशी, मी या देशात काय म्हणून आले होते, तुला माहीत आहे. डिपेंडंट. व्हिसावर तसा शब्दच होता. नागपूरला मी कॉलेजात शिकवत होते, माझी स्कूटी होती. इथे काम करायची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, आणि आम्ही गाडी घेतलीही नव्हती. पहिल्या महिन्यात मी तुझ्यापुढे रडले तेव्हा तू मला धीर वगैरे दिला नाहीस. म्हणालीस, उद्या सकाळी चप्पल नको, बूट घालून ये.

तू मला त्या गावात चालायला शिकवलंस. नकाशात ज्याला रस्ता म्हणतात तो तिथे कित्येकदा चक्क जिना निघतो, टेकडीच्या अंगावर चढवलेला सिमेंटचा जिना, त्याला रस्त्यासारखी नावाची पाटीसुद्धा. आपल्या गल्लीच्या टोकाचा जिना उतरलं की खाली सपाटीवर सगळं गाव: बेकरी, लायब्ररी, पोस्ट, बँक, आणि तुझं ड्रायक्लीनिंगचं दुकान, जिथे तू लोकांच्या पँटी आखूड करायचीस. साऱ्या वस्तीच्या कमरा तुला पाठ होत्या. रस्त्याने कोणी 'हॅलो' म्हणून गेलं की तू माझ्या कानात सांगायचीस, छत्तीस होता, आता अडतीस झालाय. शनिवारी आपण पूल ओलांडून, डाउनटाउनमधून घाऊक बाजारापर्यंत चालत जायचो आणि भरल्या पिशव्या घेऊन बसने परत यायचो. तुझे यजमान त्या पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, कारखाना बंद पडला, मग तेही गेले, आणि तू मिरजेला परत न जाता तिथेच राहिलीस, हे मला त्या पुलावर कळलं. का राहिलीस, विचारल्यावर तू म्हणालीस, "इथं मला कुणाला विचारून घराबाहेर पडावं लागत नाही गं." तेव्हा मी हसले. त्याचा अर्थ कळायला मला टेक्सासला जावं लागलं.

एका पगारात आम्ही तिथे मजेत राहिलो. गाडी नाही, तिचा इन्शुरन्स नाही, अविनाश पंधरा मिनिटांत बसने ऑफिसात. पण स्वस्ताईचं कौतुक मला तेवढंच नव्हतं. साडेतीन वर्षांत कुठेही जायला मला नवऱ्याच्या सुट्टीची वाट पाहावी लागली नाही. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुला सांगायचं म्हणजे पुरणपोळीला गोड म्हणण्यासारखं होतं, म्हणून राहिलं.

सुरुवातीला मी तुला 'तुम्ही' म्हणायची. मग एकदा जिन्यावर बर्फाने घसरले आणि 'मावशी, हात दे' म्हणून ओरडले. तू हात दिलास आणि म्हणालीस, चला, एकदाचं 'तुम्ही' फुटलं, हाडाऐवजी.

तुझ्या स्वयंपाकघरात तेव्हा एकच खुर्ची होती. यजमान गेल्यावर बाकीच्या तू देऊन टाकल्या होत्यास. एका माणसाला एक खुर्ची पुरते, दुसरी असली की रिकामी दिसते, असं तुझं म्हणणं. मी रोज यायला लागले तेव्हा मी उलट्या बादलीवर बसून चहा प्यायची. सातव्या महिन्यात पोट घेऊन बादलीवरून उठता येईना, तेव्हा तू मला चर्चच्या तळघरात लागलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीला नेलंस आणि पिवळ्या रेक्झिनची, एका कोपऱ्यात उसवलेली खुर्ची घेतलीस. ती डोक्यावर घेऊन तू तो अख्खा जिना चढलीस, आणि लोक पाहत होते तर तू त्यांना मान न हलवता 'हाय' म्हणत होतीस. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवून म्हणालीस, ही मंजूची. उसवलेला कोपरा तू त्याच दिवशी शिवलास, पण पिवळा दोरा नव्हता म्हणून लाल दोऱ्याने.

रेवा झाली. माझी आई व्हिसामुळे येऊ शकली नाही, तेव्हा बाळंतपण तूच केलंस. पुढे रेवा तुझं बोट धरून तो जिना चढायला लागली. मराठीत मोजत, एक दोन तीन, आणि वीस झाले की पुन्हा एक.

आणि मग आम्ही गेलो. अविनाशला टेक्सासमध्ये पक्की नोकरी मिळाली, ग्रीन कार्डाचं काम सुरू होणार होतं, आणि नको म्हणायला काही कारण नव्हतं. मी तुला घराचे फोटो दाखवले. चार बेडरूम, मागे अंगण, स्वयंपाकघरात ओट्याचंच एक बेट. तू चष्मा लावून सगळे फोटो पाहिलेस. मग विचारलंस, दूध आणायला चालत जाता येतं का. मी म्हटलं, मावशी, तिथे कोणीच चालत नाही.

"मग रेवा मोजणार काय?" तू म्हणालीस.

नको जाऊस, असं तू म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तरी आम्ही थांबलो नसतोच. पण मला ते ऐकायचं होतं, आणि तू बोलली नाहीस म्हणून मी बरेच महिने तुझ्यावर रुसले होते. हे तुला माहीत नसावं. किंवा असेलही.

फ्रिस्कोहून दर रविवारी सकाळी आपला फोन. मी तुला कपाटांचं सांगायची, त्यात माणूस चालत जाईल एवढी मोठी. अंगणातल्या मोगऱ्याचं सांगायची, मराठी मंडळातल्या काकूंचं, गणपतीतल्या अडीचशे मोदकांचं. सगळं सांगितलं, एक सोडून. की सकाळी अविनाश गाडी घेऊन गेला, रेवाला शाळेच्या बसमध्ये बसवून मी घरी आले, की त्या चार बेडरूमच्या घरात मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालायची, कारण दुसरीकडे चालायला जागा नव्हती. रेवा आकडे विसरली. म्हणजे इंग्रजीत शंभरपर्यंत येतात, मराठीत सातापुढे अडखळते. मला इथे करमत नाही, एवढं चार शब्दांचं वाक्य तीन वर्षांत मी तुझ्यापुढे उच्चारलं नाही. एवढं मोठं घर घेऊन रडायचं कशाला, अशी लाज वाटायची. आणि तू म्हणाली असतीस, मी सांगत होते ना. खरं तर तू कधीच तसं म्हणाली नसतीस. तरीही.

गाडी शिकले. दोन गाड्यांच्या मधे गाडी मागे घेत लावायची, त्या पॅरलल पार्किंगला दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा पास झाले त्या दिवशी, रविवार नसताना, मी तुला फोन केला. तू खूश झालीस. म्हणालीस, "आता गाडी घेऊन ये. मी तुझी जागा धरून ठेवते." टेक्सासहून पिट्सबर्ग म्हणजे गाडीने दोन दिवसांचा रस्ता. मी समजले तू चेष्टा करतेयस. मीही चेष्टेत म्हटलं, ठेव, येते.

आले नाही. एका वर्षी रेवाची शाळा सुरू झाली, एका वर्षी सासूसासरे आले, एका वर्षी अविनाशची सुट्टी कॅन्सल झाली. दर वर्षी कारण नवं, आणि एकही खोटं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरातलं आपलं भांडण. तू सहज बोलून गेलीस की हल्ली जिना चढताना मधे दोनदा बसावं लागतं, डॉक्टर म्हणतो हृदयाची झडप कुरकुरतेय. मी फोनवर तुझ्या मागेच लागले. घर वीक, इकडे ये, आमची गेस्ट रूम तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. तू म्हणालीस, "येईन, पण तिथून मी जाऊ कुठे? तुझी गाडी येण्याची वाट बघत खिडकीत बसू?" मावशी, त्या क्षणी मी खिडकीतच बसले होते. तू माझंच वर्णन केलंस म्हणून मला इतका राग आला. मी म्हटलं, "मग बस तिथेच मोजत. त्या पायऱ्याच एक दिवस तुझा जीव घेतील."

तू म्हणालीस, भाजी लागेल गं, ठेवते. पुढच्या रविवारी आपण बोललो, त्याच्या पुढच्याही, पण हवेवर, रेवाच्या दातावर, तिळगुळावर. ते वाक्य परत घ्यायचं राहून गेलं. आणि आज खरं सांगते, तुझ्या काळजाची मला चिंता होतीच, पण त्याहून जास्त हाव होती. त्या मोठ्या घरात मला समोरच्या खुर्चीवर कोणीतरी हवं होतं.

एडचा फोन आला तेव्हा पहिलं मी हेच विचारलं, जिन्यावर का. तो म्हणाला, नाही, बिछान्यात. सकाळी तुझ्या खिडकीचा पडदा उघडला नाही म्हणून तो किल्ली घेऊन आला. आदल्या दिवशी दुपारी तू खाली जाऊन आली होतीस. पिशवी ओट्यावर तशीच होती, आत कोथिंबीर. म्हणजे पायऱ्यांनी तुझं काहीही वाकडं केलं नाही. तुझ्या अखेरच्या दिवशीही त्यांनी तुला नीट घरी आणून सोडलं. मी त्यांची माफी मागते, आणि तुझीही.

अविनाशला निघता आलं नाही. मी रेवाला घेऊन विमानाने आले आणि विमानतळावर गाडी भाड्याने घेतली. ज्या गावात मी कधी गाडी चालवली नव्हती त्या गावात पहिल्यांदा चालवत शिरत होते. बोगद्यातून बाहेर पडलं की समोर एकदम सगळे पूल, नद्या आणि उंच इमारती दिसतात ना, तू दर वेळी बसमध्ये मला कोपराने ढोसायचीस, तिथे मी लेन सांभाळत होते. काहीच पाहिलं नाही.

बर्फ दोन दिवस पडून थांबला होता. आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या खेटून उभ्या. सावकाश चढत होते तेवढ्यात मागच्या सीटवरून रेवा ओरडली, "आई, लुक, कोणीतरी चेअर फेकून दिलीय. कॅन वी टेक इट?"

तुझ्या घरासमोर, दोन ढिगांच्या मधे, गाडीपुरती जागा अगदी काळ्या डांबरापर्यंत उपसलेली होती. तिच्या मधोमध पिवळी खुर्ची. कोपऱ्यावर लाल दोरा.

मी रस्त्याच्या मधेच गाडी उभी केली. एड पायऱ्यांवरून उतरून आला. टोपी काढून त्याने सांगितलं ते एवढंच. आम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या बर्फात तू फावडं घेऊन बाहेर आलीस, एक गाडीची जागा मोकळी केलीस आणि तिथे ही खुर्ची ठेवलीस. त्याला वाटलं, शैलाचं वय झालं, गाडी नसलेली बाई गाडीची जागा धरतेय. पलीकडच्या मुलाने तक्रार केली तेव्हा तू त्याला म्हणालीस, माझी भाची गाडी शिकणार आहे. एड म्हणाला, तीन हिवाळे, प्रत्येक बर्फाला. या हिवाळ्यात तुला दम लागायचा म्हणून फावडं तो मारायचा आणि खुर्ची तू ठेवायचीस. परवाच्या बर्फाला तू नव्हतीस, म्हणून त्याने दोन्ही केलं.

"ती म्हणायची, मंजूला तिथे करमत नाही," एड म्हणाला. "मी विचारलं, तसं म्हणाली का ती? तर म्हणे, नाही, कधीच म्हणत नाही, त्यावरूनच तर कळतं."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले, मावशी, मागे हॉर्न वाजेपर्यंत. मग एडने खुर्ची उचलून बाजूला धरली आणि मी गाडी लावायला घेतली. चढावर, दोन बर्फाच्या ढिगांत, पॅरलल. पहिल्यांदा मागचं चाक ढिगात गेलं. दुसऱ्यांदा पुढचं तोंड बाहेर राहिलं. मागे तीन गाड्या थांबल्या होत्या, आणि एकानेही परत हॉर्न वाजवला नाही. तिसऱ्या खेपेला बसली. तू असतीस तर म्हणाली असतीस, परीक्षेसारखंच, तिसऱ्यांदा.

आत तुझ्या टेबलाशी एकच खुर्ची होती, तुझी. तीन हिवाळे बर्फ असेल तितके दिवस तू माझी खुर्ची रस्त्यावर ठेवून इथे एकटी चहा पीत होतीस. मी पिवळी खुर्ची पुसून तिच्या जागी ठेवली, चहा केला, दोन कपांत ओतला, आणि तुझ्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हटलं, मला फ्रिस्कोत करमत नाही. रेवाने विचारलं, "हू आर यू टॉकिंग टु?" मी म्हटलं, मावशीआजीशी. ती म्हणाली, ओके, आणि तुझ्या बटणांचा डबा काढून बसली.

तेच वाक्य मी त्या संध्याकाळी अविनाशला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मला वाटायचं तू खूश आहेस, म्हणून मी काही बोलत नव्हतो. यार मंजू, मलाही तो चाळीस मिनिटांचा ड्राइव्ह नको झालाय. पुढे म्हणाला, बँकेतल्या जुन्या मॅनेजरला ईमेल टाकून बघतो. बघतो म्हणाला, एवढंच. लगेच नाचू नकोस, मीही नाचले नाही.

तुझा पुतण्या फ्रीमाँटहून आला होता. शहाणा मुलगा, सगळं त्याने नीट केलं. ड्रायक्लीनिंगच्या दुकानातली माणसं आली, बेकरीवाला आला, लायब्ररीतल्या दोघी आल्या. सगळे चालत आले होते. एकाने मला सांगितलं, माझ्या या सुटाच्या बाह्या तिनेच आखूड केल्यात. पुतण्या म्हणाला, घर उन्हाळ्यात विकायला काढीन, एवढी घाई नाही.

निघायच्या सकाळी मी रेवाला घेऊन जिना उतरले आणि चढले. ती माझं बोट सोडून पुढे पळाली. सातापुढे अडखळली, थांबली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम बोलले नाही. मग तिचं तिनेच आठ म्हटलं आणि पुढे गेली, वीस झाल्यावर पुन्हा एक.

सामान गाडीत ठेवलं. गाडी जागेतून बाहेर काढली, चालू ठेवूनच खाली उतरले, घरात गेले आणि पिवळी खुर्ची घेऊन आले. रिकाम्या जागेच्या मधोमध ठेवली, तोंड रस्त्याकडे करून, तू ठेवायचीस तशी. एड आपल्या पायरीवर उभा होता. मला अचानक त्याच्यापुढे चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, मला नियम माहीत आहे, बर्फ वितळला की खुर्ची उचलावी लागते.

एडने आभाळाकडे पाहिलं. ऊन चांगलंच पडलं होतं, पागोळ्यांतून पाणी ठिबकत होतं, गल्लीच्या कडेने वाहतही होतं.

"या घरासमोरचा बर्फ," तो म्हणाला, "यंदा बराच दिवस टिकणार आहे."

तुझी,
मंजू